बास गेला आणि पब्लिकला वाटलं ठरवून केलंय

मी लाइव्ह साउंड करतो. काम नीट झालं तर मी कुणाला आठवत नाही, पण स्पीकरमधून एक शिट्टी वाजू दे, अख्खी गर्दी मागे वळून माझ्याकडेच बघते, असला धंदा.

परवा एका रॉक बँडच्या शोमध्ये नऊ मिनिटांचा इन्स्ट्रुमेंटल पीस होता. गायक बाजूला झाला की मी तिन्ही व्होकल माइक लगेच म्यूट करतो, कारण उघडा माइक ड्रमचा आवाजही ओढतो. दोन मीटरवरच्या माइकात सिम्बल (ड्रमची झांज) जवळजवळ 6 मिलिसेकंद उशिरा पोचते आणि मूळ आवाजात मिसळून सगळा चिखल करते. म्यूट दाबलं की स्नेअर, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातला ड्रम, अशी टणटणीत ऐकू येते ना, की गायक लोक नसतेच तर बरं असं वाटतं.

तिसऱ्या मिनिटाला बास गिटारचा आवाज फाटायला लागला. गेन बघितला, चॅनल बघितला, बासला मिक्सरशी जोडणाऱ्या डीआय बॉक्सला शिव्या घातल्या (पहिला संशय कायम त्याच्यावर), हेडफोनला नुसता बास लावला तर आवाज बारीक होत होत गेलाच. नंतर कळलं, 9 व्होल्टची बॅटरी. ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेल्या बासला केबल खोचलेली असली की बॅटरी चालूच राहते, आणि बासवाल्या साहेबांनी साउंडचेकपासून केबल काढलीच नव्हती. किती वेळा सांगायचं यांना.

मान वर केली तर बासवाला गायकाच्या माइकवर काहीतरी ओरडतोय, तोंड हलतंय, आवाज शून्य. माइक मीच बंद केलेले.

पण तोवर गिटारवाली लीड (वरची मुख्य धून) सोडून खालच्या दोन तारांवर बासचीच ओळ वाजवायला लागली होती आणि ड्रमर सिम्बल सोडून जाड आवाजाच्या टॉम ड्रमवर उतरला होता. गिटारची जाड तार 82 हर्ट्झची आणि मी लो कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) ठेवलेला 100 वर, तो काढला, फ्लोअर टॉम जरा चढवला, बस, माझं कर्तृत्व एवढंच. पब्लिक वेडं झालं, सतत मोबाइल धरून उभे राहणारेही मोबाइल विसरले. बॅटरी बदलून बास परत आला तेव्हा, खरं सांगतो, मला जरा गर्दी झाल्यासारखं वाटलं.

आता बासवाला विचारतोय माइक का उघडला नाहीस, आणि गिटारवाली म्हणते पुढच्या शोला तिथे बास ठेवूच नको. दोघांचे मेसेज मलाच. रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. माइक उघडे असते तर बरोब्बर त्या जागी अख्ख्या हॉलला "बॅटरी, बॅटरी" ऐकू गेलं असतं. हे त्याला कसं सांगू?