होरेशियसचा पूल: उपटलेले खिळे परत ठोकतोय

होरेशियस हा रोमन योद्धा शत्रूला अडवून धरतोय आणि मागे पूल तोडला जातोय, असा छोटा देखावा (डायोरामा) मी बनवतोय. मागच्या वेळी त्या पुलाच्या फळ्यांवर खिळ्यांची डोकी बसवून झाली म्हणून मी फार ऐटीत होतो. ०.४ मिमी पितळी तारेचे तुकडे, चिमट्याने एकेक, तीन आठवडे. तर मंडळी, ती सगळी उपटली. आणि आता परत बसवतोय.

झालं असं, की खालच्या खांबांची रचना शोधताना हॅलिकार्नाससच्या डायोनिसियस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराचा मजकूर हाती लागला. अँकस मार्शियस राजाने बांधलेला हा सुब्लिकियस पूल लोखंड-कांसं न वापरता नुसत्या लाकडात लाकूड अडकवून उभा केला होता आणि रोमन तो पवित्र मानत. लोखंड नाही म्हणजे खिळे नाहीत. त्याच रात्री पक्कड घेऊन बसलो. फळ्यांचं बाल्सा लाकूड इतकं मऊ, की प्रत्येक खिळ्याबरोबर टवका निघायचा. अकरा फळ्या गेल्या. (बाल्सा वापरू नका असं वर्षभर ओरडतोय आणि स्वतः तोच वापरतोय. आइस्क्रीमच्या काड्या कितीतरी बऱ्या.)

मग खाच आणि कूस, म्हणजे एका तुळईतल्या खाचेत दुसरीचं टोक अडकवायचं. ५४ मिमीच्या मापात (म्हणजे माणूस ५४ मिमी उंच) दोन मिमीच्या तुळईला खाच पाडायची म्हणजे श्वाससुद्धा बेतानेच घ्यायचा. चार दिवसांत सहा सांधे जमले. सहावा गोंदाशिवाय घट्ट बसला! तो बायकोला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, दूधवाल्यालाही दाखवला.

आणि थोरल्या प्लिनीने, म्हणजे रोमन लेखकाने, घात केला. तोही बिनखिळ्यांचा पूल सांगतो, पण कारणासकट: होरेशियस पुढे लढत असताना मागे पूल तोडता तोडता लोकांच्या नाकी नऊ आले, म्हणून त्यानंतर तशी रीत पडली. त्यानंतर! माझा प्रसंग इ.स.पू. ५०८ चा, पोर्सेना राजाचे एट्रस्कन, म्हणजे रोमचे शेजारी शत्रू, समोर उभे असतानाचा. म्हणजे त्या दिवशी खिळे होते. एकाच्या मते खिळे राजाच्या काळापासूनच नाहीत आणि दुसऱ्याच्या मते ते नसण्याचं कारण म्हणजे माझा डायोरामाच.

मी प्लिनीच्या बाजूने. रोमन इतिहासकार लिव्हीचा होरेशियस सोबत्यांना लोखंड, आग, जे मिळेल त्याने पूल तोडा म्हणतो. नुसत्या तुळया उचलायच्या असत्या तर आग कशाला लागली असती?

पण ते सहा सांधे फुकट कशाला घालवू? आत्ता लिहिता लिहिताच सुचतंय: खालचा सांगाडा खाच-कुशीचा, वरच्या फळ्या खिळ्यांच्या. आणि तुटत्या टोकाला एक जण पहार घालून निघता न निघणाऱ्या खिळ्याशी झगडतोय. हाच माणूस मध्यभागी का नको? होरेशियस थोडा डावीकडे सरकेल. हो, सरकेलच.

होरेशियसचा चेहरा मात्र झकास जमलाय. त्याचं टोपणनाव कोक्लेस, म्हणजे काणा, पण ग्रीक चरित्रकार प्लुटार्क आणखी एक गंमत देतो: नाक इतकं बसकं, की दोन डोळ्यांच्या मध्ये काही उरलंच नव्हतं. लोक सायक्लॉप्स (एकडोळ्या राक्षस) म्हणायला गेले, जीभ घसरली आणि कोक्लेस झालं. ग्रीन स्टफने (मूर्ती घडवायची पुट्टी) नाक चपटं केलं, भुवया जोडल्या. आंधळा डोळा रंगवायची कटकट मिटली. धड ग्रीक हॉप्लाइटचं (ढाल-भाल्याच्या पायदळ सैनिकाचं) लावलंय, कारण मूळ किटमधला गडी लोरिका सेगमेंटाटा, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचं चिलखत, घालून आला होता. पाचेकशे वर्षं पुढचं! विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं, 'रोमनच आहे ना?'

पुलाखालच्या टायबर नदीचं पाणी दाखवणारं रेझिन दिवाळीनंतर. जुलैच्या दमट हवेत ओतलेला नमुना वरून चिकट आणि दुधाळ झाला. नदीचा गढूळ पिवळा रंग हवा होता, मिळाली ती मठ्ठ्याची वाटी.

पुलाबद्दल तिसरा लेखक कुणाला सापडलाच, तर कृपा करून नोव्हेंबरपर्यंत मला सांगू नका. आज चौदा डोकी बसली. पक्कड फडताळाच्या वरच्या कप्प्यात, सहज हाताला लागणार नाही अशी ठेवलीय.