दुधाविना न्याहारी

कोल्हापूर, फेब्रुवारीतला रविवार

आज न्याहारीला कोको आणि स्ट्रॉबेरीची स्मूदी केली. तिच्यात दुधाचा थेंबही नव्हता, हे मुद्दाम नोंदवून ठेवते आहे, कारण या शहरात तसे करणे वाटते तितके सोपे नाही. गंगावेशीत डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून धारोष्ण दुधाचा पेला हाती देण्याची रीत इथे आजही टिकून आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाचे दूध रोज घरोघरी उकळते. आणि तालमीत जाणाऱ्या पोराचा खुराक दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईशिवाय पुरा होत नाही. अशा गावात डॉक्टरांनी मला दूध सोसत नसल्याचे सांगितले, तेव्हा घरच्यांना माझ्या पोटदुखीपेक्षा दूध सुटल्याचीच हळहळ अधिक वाटली.

कारण समजल्यावर माझे मन मात्र निवांत झाले. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. बालपणी ते भरपूर असते आणि पुढे अनेकांच्या शरीरात कमी होत जाते. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचले की तिथले जिवाणू ते आंबवतात आणि पोट फुगते. दुधाची ॲलर्जी ही याहून निराळी गोष्ट आहे. तिच्यात शरीर दुधातील प्रथिनांनाच विरोध करते आणि किंचितशी दूध भुकटीही धोक्याची ठरू शकते. त्यामुळे घरात असे मूल असेल तर चॉकलेटच्या वेष्टनावरील घटकांची यादी प्रत्येक वेळी वाचलीच पाहिजे. मी साधी, बिनसाखरेची कोको पावडर वापरते. पेयासाठी म्हणून मिळणाऱ्या चॉकलेट पावडरीत पुष्कळदा साखरच जास्त असते आणि काहींत दुधाचे घन पदार्थही मिसळलेले असतात.

रात्री मूठभर काजू भिजत घातले होते. आमच्या जिल्ह्यात आजरा आणि चंदगड तालुक्यांत काजूच्या बागा आहेत, त्यामुळे बदामापेक्षा काजू मला घरचा वाटतो. शिवाय त्याचे दूध गाळावे लागत नाही. भिजलेला काजू पाण्याबरोबर बारीक वाटला की चोथा उरत नाही आणि पांढरेशुभ्र, दाट दूध तयार होते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी धुऊन, पुसून, देठ काढून रात्रीच बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. फळच गोठलेले असले म्हणजे वरून बर्फ घालावा लागत नाही आणि चव पाणचट होत नाही. कोको थंड पाण्यात नीट मिसळत नाही, त्याच्या गुठळ्या तरंगत राहतात. म्हणून तो आधी दोन चमचे कोमट पाण्यात कालवून त्याची गुळगुळीत पेस्ट केली. गोडीसाठी काकवी घेतली. सध्या गुऱ्हाळे चालू आहेत आणि ताजी काकवी सहज मिळते. तिचा किंचित खारट, खमंग गोडवा कोकोच्या कडवटपणाला जसा सांभाळून घेतो, तसा पांढऱ्या साखरेला कधीच जमत नाही, असे माझे ठाम मत आहे. शेवटी चिमूटभर मीठ घातले.

स्मूदी म्हटली की केळे हवेच, अशी आपल्याकडची समजूत. केळ्याने दाटपणा येतो, गोडी येते, आणि केळे स्वस्तही असते. पण कोकोच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. केळे कापल्यावर काळे पडते ते त्यातील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे, आणि हेच विकर कोकोतील फ्लॅव्हॅनॉल या उपयुक्त घटकांनाही सोडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांचा याविषयीचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. नुसती फ्लॅव्हॅनॉलची कॅप्सूल घेतल्यावर रक्तात या घटकांचे जे प्रमाण आढळले, त्याच्या तुलनेत केळ्याची स्मूदी प्यायल्यानंतरचे प्रमाण ८४ टक्क्यांनी कमी होते. बेरीवर्गीय फळांच्या स्मूदीत मात्र अशी घट दिसली नाही. केळे वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. न्याहारीला केळे मी आनंदाने खाते. परंतु कोको त्यातील गुणासाठी घ्यायचा असेल, तर त्याची सोबत स्ट्रॉबेरीने करावी आणि दाटपणाचे काम काजूकडे सोपवावे, हे मला पटले आहे.

सासूबाई शेजारी उभ्या राहून सारे पाहत होत्या. "दुधाबिगर कसली न्याहारी गं ही?" असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण पेल्यातला रंग पाहून त्यांनीही थोडी मागून घेतली. दुधात आंबट फळ घालू नये, हा त्यांचा जुना दंडक आहे. चरकसंहितेत दूध आणि आंबट फळे हा विरुद्ध आहार सांगितला आहे, आणि आंबटाने दूध फाटते हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आज दूधच नव्हते, त्यामुळे त्यांच्या दंडकाला धक्का लागला नाही आणि स्ट्रॉबेरीला आपला आंबटपणा लपवावा लागला नाही. "आई, गोड कमी आहे का?" असे विचारले, तर त्या म्हणाल्या, "असू दे, फळाची चव लागतीया." मला नेमके हेच हवे होते. दुधाची साय आणि स्निग्धता फळाच्या आणि कोकोच्या चवीवर पांघरूण घालते. ते दूर झाले की कोकोचा करपट, जवळजवळ कॉफीसारखा सुगंध आधी येतो, त्यामागून फळाचा आंबटपणा येतो आणि काकवी सर्वांत शेवटी जिभेवर रेंगाळते. दुधाऐवजी काहीतरी भागवून घेतले आहे, असे पिताना जराही वाटले नाही.

एका बाबतीत मात्र काजूचे दूध खऱ्या दुधाची जागा घेऊ शकत नाही, ती म्हणजे कॅल्शियम. दुधात ते १०० ग्रॅममागे सुमारे १२० मिलिग्रॅम असते आणि घरच्या काजूच्या दुधात नगण्य. नाचणीत मात्र तेवढ्याच वजनामागे साधारण ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. म्हणून एरवी मी नाचणीचे सत्त्व पाण्यात शिजवून, थंड करून दोन चमचे या स्मूदीत घालते. त्याचा तपकिरी रंग कोकोत मिसळून जातो आणि दाटपणाही वाढतो. आज सत्त्व संपले होते, तेव्हा दुपारी नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी करायची आहे, आणि संध्याकाळी नाचणी भिजत घालून मोड आणायला ठेवायची आहे.