तुम्ही विचारलंत म्हणून: दोन वर्षांच्या ‘एमएस’ला तीन वर्षं का लागतात?

जर्मनीहून सुट्टीला सांगलीत आले की हा प्रश्न हमखास येतो. पूर्वी लोक माझ्याबद्दल विचारायचे, आता आपापल्या मुलांबद्दल विचारतात. “कोर्स दोन वर्षांचा होता ना? मग अजून संपला कसा नाही? विषय राहिलेत का?” आणि मग आवाज खाली आणून, “आमच्यापासून काही लपवत तर नसेल ना गं?” लग्नाच्या पंगतीत याचं उत्तर दोन वाक्यांत देऊन भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी मुद्द्याचं सांगते. जर्मनीत मास्टर्सला अडीच-तीन वर्षं लागणं ही तिथली रोजची गोष्ट आहे. मी माग्डेबुर्गला केमिकलमध्ये मास्टर्स केलं. माझ्याबरोबरचे बहुतेक जण, भारतीयही आणि जर्मनही, चार सेमेस्टरच्या पुढे गेले. त्याबद्दल कुणी कुणाला टोकत नसे. आपल्याकडे वर्ष वाढलं की ‘इयर डाऊन’ हाच शब्द डोक्यात येतो आणि सगळी चिंता तिथून सुरू होते.

जर्मन मास्टर्स म्हणजे बहुतेक ठिकाणी १२० क्रेडिट, सेमेस्टरला ३०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. लेक्चर, लॅब, घरचा अभ्यास, सगळं त्यात आलं. तीस तासांनी हिशोब केला तर सहा महिन्यांत ९०० तास होतात. एकही आठवडा रिकामा न घालवता आठवड्याला जवळपास ३५ तास. ज्याची राहायची सोय झालेली आहे, भाषा येते आणि ज्याला पोटापाण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, त्याच्यासाठी हा हिशोब ठीक आहे. आपली मुलं ऑक्टोबरमध्ये उतरतात, व्हिसा लांबला तर लेक्चर सुरू झाल्यावर. मग खोली शोधा, नगरपालिकेत पत्ता नोंदवा, विमा, बँक, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट. हे सगळं मार्गी लागेपर्यंत नाताळ येतो आणि फेब्रुवारीत परीक्षा.

परीक्षांचं मात्र नीट समजून घ्या, कारण खरी मेख तिथे आहे. आपल्याकडे वर्षभर कुणीतरी मागे लागलेलं असतं. युनिट टेस्ट, जर्नल, टर्मवर्कच्या सह्या. तिथे बऱ्याच विषयांना शेवटी एकच परीक्षा आणि सगळे गुण तिच्यावरच. लेक्चरला आलात की नाही हे सहसा कुणी बघत नाही. परीक्षेला बसायचं तर पोर्टलवर स्वतः नाव नोंदवायचं. तयारी झाली नसेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत नाव मागे घेता येतं, आणि तो विषय पुढच्या खेपेला द्यायचा. नियम विद्यापीठागणिक थोडे बदलतात, पण दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्या आहेत. पहिली, एका विषयाला साधारण तीनच प्रयत्न मिळतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं, आणि मग त्याच अभ्यासक्रमाला दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही सहसा प्रवेश मिळत नाही. दुसरी, एकदा पास झालात की गुण वाढवण्यासाठी तो विषय पुन्हा देता येत नाही. तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. घाईघाईत देऊन ३.७ पडले तर ते कायमचे गुणपत्रकावर राहिले.

केटी (नापास झालेला विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात जाणं) राहिली तर पुढच्या वेळी काढू, या सवयीने गेलेल्या मुलाला हे कळतं तेव्हा पोटात गोळा येतो. मग तो सहापैकी चार विषय देतो आणि दोन पुढे ढकलतो. मला विचाराल तर हे शहाणपण आहे. घरी सांगताना मात्र “दोन विषय राहिले” एवढंच सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्याला ते ‘दोन विषय उडाले’ असं ऐकू येतं.

पेपरही वेगळे असतात. आमच्या एका विषयाला हाताने लिहिलेला एक ए-फोर कागद बरोबर नेता यायचा. मी मुंगीएवढ्या अक्षरात दोन्ही बाजू भरल्या होत्या. त्यावर काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवतानाच तो विषय मला पहिल्यांदा समजला. हॉलमध्ये एक जागा सोडून एक बसवतात, बाकावर विद्यार्थी कार्ड आणि ओळखपत्र ठेवायचं. समोर आलेला एकही प्रश्न आधी सोडवलेल्या गणितासारखा नव्हता. सूत्रं कागदावर होती, पण कुठलं कुठे लावायचं हे कागद सांगत नाही. पाठ करून पास होण्याची सवय मोडायला एखादं सेमेस्टर जातंच.

निकालानंतर ‘आइनजिष्ट’ असते, म्हणजे आपला तपासलेला पेपर बघण्याची ठरवून दिलेली वेळ. मला ही पद्धत फार आवडायची. पेपर समोर ठेवून बसायचं, तपासणारे सहायक तिथेच असतात, आणि अमुक गुण का कापले असं विचारता येतं. माझ्या शेजारच्या मुलीने एक गणित वेगळ्या रीतीने सोडवलं होतं. सहायकाने ते पहिल्यापासून शांतपणे वाचलं, एका ओळीवर थांबून कॅल्क्युलेटरवर पडताळलं, जुना आकडा खोडून नवा लिहिला आणि शेजारी सही केली. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज नाही, फी नाही. विद्यार्थ्याला मोठं माणूस समजून वागवण्याची जी रीत तिथे आहे ती अशा ठिकाणी दिसते. तीच रीत सुरुवातीला जड जाते, कारण तुम्ही मागे पडलात तर तेही कुणी येऊन सांगत नाही.

आता पैशांचं. सरकारी विद्यापीठात शिक्षण फुकट, असं इकडे सरसकट म्हटलं जातं. बहुतेक राज्यांत ते खरं आहे, सेमेस्टरचं शुल्क तेवढं भरावं लागतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमेस्टरला १,५०० युरो फी आहे, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी सुरू केली आहे. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरावे लागतात, ते महिन्याला ९९२ असे परत हातात येतात. हे पैसे एका वर्षाचे असतात. दुसऱ्या वर्षी तिथे राहण्याचा परवाना वाढवताना पुन्हा पैशांचा पुरावा लागतो.

म्हणून मुलं काम धरतात. सेमेस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. महिन्याचे ८० तास धरले तर १,१०० युरोंच्या थोडं वर, म्हणजे घरभाडं, विमा, जेवण निघतं आणि घरून पैसे मागवावे लागत नाहीत. पण अभ्यासाचे ३५ तास आणि कामाचे २० असे आठवड्याला ५५ झाले, जर्मनचा क्लास वेगळाच. यातलं काहीतरी मागे सरकणार, आणि सरकवता येण्यासारख्या परीक्षाच असतात. तिसरं वर्ष कशासाठी लागलं असं विचारताना, ते पुष्कळदा मुलाने स्वतःच्या कमाईवर काढलेलं असतं, हेही लक्षात घ्या.

शिवाय हे काम वाया जात नाही. आपल्या शाखेतलं ‘वेर्कश्टुडेंट’चं, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ करायचं काम किंवा कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, तर पुढे नोकरी शोधताना तीच उपयोगी पडते. इंटर्नशिपच्या सेमेस्टरला क्रेडिट फार जमत नाहीत. त्यानंतर थीसिस, जी एकटीच ३० क्रेडिटची असते. कंपनीत थीसिस करायची तर अर्ज, मुलाखती, प्राध्यापकांची संमती यात दोन-तीन महिने सहज जातात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो हे खरं, पण कामाचा अनुभव आणि बऱ्यापैकी जर्मन नसेल तर ते महिने भराभर संपतात. अनुभव आणि भाषा गाठीला बांधून अडीच वर्षांनी बाहेर पडणं मला कधीही जास्त बरं वाटतं. माझ्या मते निघण्यापूर्वी निदान बी-वन या मधल्या पातळीपर्यंत जर्मन करावं. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, सांगली-कोल्हापुरातही क्लास आहेत. जीआरई या परदेशी प्रवेशाच्या परीक्षेसाठी जितका जीव काढतात त्याच्या निम्मा जरी इथे काढला तरी पुढचे कितीतरी महिने वाचतील.

कर्ज काढून पाठवणार असाल तर बँकेशी बोलताना तीन वर्षांच्या हिशोबाने बोला. हप्ते कोर्सची मुदत संपल्यावर साधारण वर्षभरात सुरू होतात आणि बँक ती मुदत दोन वर्षं धरते. कोर्स लांबला तर विद्यापीठाचं पत्र दाखवून मुदतवाढ मागता येते, पण ती वेळेत मागावी लागते. नाहीतर ऐन थीसिसच्या दिवसांत वडिलांच्या मागे हप्ता लागतो आणि मुलगा आणखी तास काम घेतो.

राहिला खाली आवाजात विचारलेला प्रश्न. हो, कधी कधी मुलं लपवतात. दोनदा नापास झालेला विषय, तिसऱ्या प्रयत्नाची धास्ती आणि घरी सांगायची चोरी, अशी मुलं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना रोज रात्री फोनवर “कधी संपणार?” विचारून काही हाती लागत नाही, ती “होईल” म्हणतात आणि फोन ठेवतात. त्याऐवजी क्रेडिट किती झाले आणि कुठला विषय अवघड जातोय, असं विचारा. १२० पैकी ७५ झाले म्हणाला तर निर्धास्त राहा, थोडा वेळ लागेल एवढंच. आकडा सांगायला टाळाटाळ करत असेल तर रागावू नका. “परत यावं लागलं तरी घर तुझंच आहे” हे त्याला आधी ऐकू द्या. विद्यापीठात अभ्यासाच्या अडचणींसाठी सल्लागार असतात, आणि ‘श्टुडिएरेंडेनवेर्क’ नावाची जी संस्था मेस आणि हॉस्टेल चालवते, तिच्याकडे मानसिक ताणासाठी समुपदेशन मिळतं. त्याचे पैसे पडत नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत बोलता येतं. एकट्याने जायला तो कचरत असेल, तर बरोबरच्या एखाद्या मुलाला घेऊन जा म्हणावं.