बिलं कोऱ्या कागदावर

१९९७ सालची गोष्ट. इंदूरच्या सियागंजात एका घाऊक किराणा पेढीचं बिलिंग मी क्विकबेसिक ४.५ या प्रोग्रामिंग भाषेत लिहून दिलं होतं. सकाळी पोह्यांची प्लेट हातात होती तेवढ्यात मुनीमकाकांचा फोन आला, "अहो, बिलं सगळी कोऱ्या कागदावर निघून ऱ्हायलीत!"

छापील बिलांचे कागद लावलेला प्रिंटर आतल्या खोलीत, तिथल्या मशीनला जोडलेला होता. गल्ल्यावरच्या मशीनचा एलपीटी१, म्हणजे प्रिंटरचा पोर्ट, 'नेट यूज' या नेटवर्कच्या कमांडने तिकडे वळवलेला. पहाटे लाइट गेली, मशीन चालू झाल्या त्या उलट्या क्रमाने, गल्ल्यावरची आधी आणि आतली नंतर, आणि वळवणं झालंच नाही. छापायची कमांड एलप्रिंट, तिला त्याचं काय! गल्ल्यावर जुना प्रिंटर अजून लावलेला होता, त्यानं आपल्या कोऱ्या कागदावर निमूटपणे छापलं.

म्हटलं, छापण्याआधी प्रिंटर वळवलेला आहे का ते डॉसलाच, म्हणजे मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमलाच, विचारावं. डॉसला हाक मारायचा इंटरप्ट २१, एएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या छोट्या कप्प्यात) ५एफ०२, दोन्ही आकडे हेक्समधले: वळवलेल्या उपकरणांची यादी. बीएक्समध्ये शून्यापासून क्रमांक द्यायचा, नावांसाठी दोन बफर, म्हणजे मेमरीतल्या मोकळ्या जागा, १६ आणि १२८ बाइटचे, आणि चूक कळवणारा कॅरी फ्लॅग लागून १८ हा एरर आला की यादी संपली. बफरचे पत्ते सांगायला डीएस-ईएस ही रजिस्टरंही द्यावी लागतात म्हणून क्विकबेसिकमधलं इंटरप्टएक्स वापरलं. पहिल्याच रनला 'स्ट्रिंग स्पेस करप्ट', म्हणजे मजकुराची मेमरी बिघडल्याचा एरर. मी साध्या, लांबी बदलणाऱ्या स्ट्रिंगवर (मजकुराच्या व्हेरिएबलवर) पत्ता सांगणारा व्हारपीटीआर लावला होता. तो अक्षरांचा नव्हे, स्ट्रिंगची लांबी आणि जागा नोंदवणाऱ्या डिस्क्रिप्टरचा पत्ता देतो, म्हणजे डॉस प्रिंटरचं नाव भलतीकडेच लिहीत होतं. ठरावीक लांबीच्या स्ट्रिंग घेतल्या आणि गाडी रुळावर आली. यात अख्खी दुपार गेली.

संध्याकाळी काकांना म्हटलं, "आतलं मशीन बंद करा." प्रोग्राम म्हणतो, प्रिंटर तयार! मी यादीत फक्त नाव आणि बीएलमधला (बीएक्सच्या खालच्या अर्ध्या भागातला) ३, म्हणजे प्रिंटर, एवढंच बघत होतो. सर्व्हर, म्हणजे आतलं मशीन, गेला तरी नाव यादीत राहतं. खरी खबर बीएचच्या, म्हणजे बीएक्सच्या वरच्या अर्ध्या भागाच्या, सगळ्यात खालच्या बिटमध्ये. तो १ असेल तर जोडणी नावापुरतीच. तो बिट वेगळा काढायला बीएक्सचा &एच१०० शी अँड घेतला आणि पडद्यावर लाल अक्षरांत 'आतला प्रिंटर बंद' उमटलं.

काका खूश. मग चष्मा सावरत म्हणाले, "आणि कागद संपला तर?"

"ते यात कळत नाही, काका."

त्यांनी काही न बोलता स्वतःची गादी दोन हात सरकवली, आतल्या खोलीचं दार दिसेल अशी.