माहीम उपसागर प्रकल्प, नोंद ६ : डेटाटाइपचा व्याप

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली चार जुनी यंत्रे परळच्या घरात एका गिगाबिट स्विचला जोडून झाली असून, माहीमच्या उपसागरातील भरती-ओहोटीचे गणित १०२४ × १०२४ घरांच्या जाळीवर चौघांत वाटून चालवण्याचे काम या पंधरवड्यात हाती घेतले. प्रत्येक घरात पाण्याच्या पातळीचा एक डबल, म्हणजे ८ बाइट असतो. प्रत्येक प्रोसेसच्या (प्रोग्रामच्या चार चालू प्रतींपैकी एकीच्या) वाट्याला ५१२ × ५१२ चा चौकोन येतो आणि शेजाऱ्याकडून येणाऱ्या कडेसाठी त्याभोवती एका घराची झालर ठेवल्यामुळे स्थानिक ॲरे ५१४ × ५१४ चा होतो.

सी भाषेत ॲरे ओळीनुसार साठवला जात असल्याने वरची-खालची कड सलग असते. डावी-उजवी कड मात्र दर ५१४ घरांमागे एक अशी विखुरलेली असते. प्रोसेसांमध्ये संदेश पाठवण्याच्या एमपीआय या प्रणालीत माहिती मेमरीत कशी मांडली आहे हे डेटाटाइप, थोडक्यात टाइप, सांगतो. एमपीआय_टाइप_व्हेक्टरला ५१२ तुकडे, प्रत्येकी १ घर आणि ५१४ चे अंतर सांगून टाइप कमिट केला, म्हणजे वापरासाठी पक्का केला, की तो स्तंभ एकाच सेंडमध्ये जातो. हे अर्ध्या तासात जमले.

खरा वेळ गेला तो सुरुवातीच्या वाटपात. रँक ० (रँक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) कडील संपूर्ण जाळीतून चार चौकोन स्कॅटरव्हीने, म्हणजे एकाकडून सर्वांना तुकडे देणाऱ्या फंक्शनने, वाटायचे होते, म्हणून मोठ्या ॲरेतील एक भाग दाखवणाऱ्या एमपीआय_टाइप_क्रिएट_सबॲरेने चौकोनाचा टाइप तयार केला, आणि प्रोग्राम रँक ० वरच सेगमेंटेशन फॉल्टने (परक्या मेमरीला हात लावल्याच्या चुकीने) कोसळला. कारण उमगायला दोन रात्री लागल्या. टाइपमध्ये प्रत्यक्ष माहिती किती आहे हे साइझ सांगते, तर असे अनेक नग एकापुढे एक धरले असता पुढचा नग कोठून सुरू होतो हे एक्स्टेंट, म्हणजे त्याचा व्याप, सांगतो. माझ्या चौकोनाची साइझ २०,९७,१५२ बाइट असली, तरी सबॲरेचा व्याप अख्ख्या जाळीएवढा, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट होता. स्कॅटरव्हीतील विस्थापने, म्हणजे सुरुवातीपासूनची अंतरे, पाठवणाऱ्या टाइपच्या व्यापाच्या पटीत मोजली जातात. त्यामुळे मी लिहिलेला १ हा दुसऱ्या चौकोनाकडे नेत नव्हता, तर जाळी संपल्यानंतरच्या परक्या मेमरीत नेत होता.

एमपीआय_टाइप_क्रिएट_रिसाइज्डने व्याप ४०९६ बाइट, म्हणजे चौकोनाच्या एका ओळीएवढा केला आणि तो नवा टाइप कमिट केला. आता विस्थापने ०, १, १०२४ आणि १०२५ अशी येतात, कारण ५१२ पूर्ण ओळी ओलांडणे म्हणजे ४०९६ बाइटांच्या १०२४ उड्या. घेणाऱ्या बाजूला ५१४ च्या ॲरेतील आतला भाग दाखवणारा वेगळाच सबॲरे चालतो. दोन्हीकडे २,६२,१४४ डबल असले की मांडणी सारखी असण्याची गरज नसते. ही मोकळीक मला एमपीआयमधील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पडताळणीसाठी प्रत्येक घरात ओळ × १०२४ + स्तंभ ही संख्या भरली होती. रँक ३ च्या पहिल्या घरात ५,२४,८०० उमटले, तेव्हाच समाधान झाले.

मिठी नदीच्या मुखाशी सोडलेल्या तरंगत्या कणांसाठी स्ट्रक्ट, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची माहिती एकत्र ठेवणारी रचना, लागतो : क्रमांक, दोन डबल आणि एक अक्षरी स्थिती. हाताने ०, ४, १२, २० अशी विस्थापने लिहिणे चुकीचे ठरले. कंपायलर मध्ये रिकाम्या बाइट सोडतो, म्हणून घटकाचे खरे अंतर सांगणाऱ्या सीच्या ऑफसेटऑफने ती ०, ८, १६, २४ अशी मिळाली आणि व्याप, पूर्ण आकार सांगणाऱ्या साइझऑफप्रमाणे, ३२ ठेवला. जुन्या पाठांत दिसणारे एमपीआय_टाइप_स्ट्रक्ट आणि एमपीआय_यूबी २०१२ च्या ३.० आवृत्तीतून काढून टाकले आहेत, तेव्हा नव्या मंडळींनी थेट क्रिएट_स्ट्रक्टच वापरावे. काल रात्री ओहोटीबरोबर १७ क्रमांकाचा कण रँक १ कडून रँक ० कडे गेला आणि त्याचे स्थान व स्थिती दोन्ही शाबूत पोहोचली.