महालातला डबा आणि उत्रेख्तची खिडकी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी तुळस तेवढी वृंदावनात होती, बाकी सगळी झाडं डब्यांत. डालड्याचा पिवळा डबा, कान तुटलेली लोणच्याची बरणी, तळाला तडा गेलेला माठ. नवा डबा रिकामा झाला की आई तो अंगणात पालथा घालायची, मोठा खिळा धरायची आणि बत्त्याने ठोकून पाच भोकं पाडायची. चार कडेला, एक मधोमध. मी शेजारी बसून मोजायची. त्या भोकांना काही अर्थ आहे हे मला नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात आल्यावर कळलं, तेही एक झाड घालवून.

इथे जुन्या वस्तूंच्या दुकानाला क्रिंगलोप म्हणतात. लोक घरातलं नको ते तिथे नेऊन देतात आणि दुकान ते स्वस्तात विकतं. सोफे, पुस्तकं, सायकली असतात, पण माझे पाय थेट काचसामानाच्या मांडणीकडे वळतात. झाकण हरवलेल्या किटल्या, एकेकटे उरलेले कप, आजीच्या काळातली सूपची भांडी. इथल्या घरांना मोठ्या खिडक्या, बहुतेक ठिकाणी पडदे उघडेच, आणि खिडकीच्या रुंद कठड्यावर झाडं. संध्याकाळी रस्त्याने चालताना प्रत्येक घराची झाडं दिसतात. आल्याआल्या मला घरची आठवण सगळ्यात जास्त त्या कठड्यांनीच करून दिली.

पहिलं भांडं घेतलं ते सूपचं, पांढऱ्यावर निळी नक्षी, साडेतीन युरोला. तळाला भोक नव्हतं, म्हणून बोटभर खडे घातले, वर माती, त्यात मनी प्लांट. (आपल्याकडे तो मागून नाही, चोरून आणला की फोफावतो म्हणतात, मी दुकानातून विकत आणला होता.) नोव्हेंबर होता. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि कुजका वास.

खडे घातले की पाणी खाली उतरतं, असं मीही लहानपणापासून ऐकलं होतं. ते खरं नाही. बारीक मातीतलं पाणी खड्यांच्या मोठ्या फटींत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच धरून राहतं. म्हणजे खड्यांनी ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. त्यात इथला हिवाळा. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा, त्याच दिवशी नागपुरात जवळपास अकरा तास उजेड. उजेड कमी तर झाड पाणी फार कमी पितं, आणि मी मात्र नागपूरच्या हिशेबाने घालत होते.

मग त्या भांड्याला भोक पाडायला घेतलं. चिनीमातीला साधा बिट चालत नाही, काच आणि टाइलसाठी मिळतो तो डायमंड बिट लागतो. भांडं पालथं घालून तळाला मास्किंग टेप लावायची म्हणजे बिट घसरत नाही, वेग अगदी कमी ठेवायचा, सतत थोडं थोडं पाणी सोडायचं आणि अजिबात दाबायचं नाही. हे सगळं केलं, पण ड्रिलचं ठोके देणारं हॅमरचं बटण चालूच राहिलं होतं. दोन सेकंदांत भांड्याचे चार तुकडे. मला फार वाईट वाटलं, कारण कुणाच्या तरी घरात ते वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं होतं आणि माझ्याकडे महिनाभर टिकलं नाही. नंतरच्या तीन भांड्यांना नीट भोकं पडली.

पण भाड्याच्या घरात लाकडी जमिनीवर पाणी गळून चालत नाही. त्यामुळे आता बहुतेक झाडं रोपवाटिकेच्या भोकांच्या प्लास्टिक कुंडीतच ठेवते आणि ती कुंडी जुन्या भांड्यात बसवते. पाणी घालायचं तेव्हा आतली कुंडी उचलून सिंकमध्ये न्यायची, पूर्ण निथळू द्यायची, मग परत. कठड्याखाली हीटर असतो, त्याच्या गरम हवेने पानांची टोकं वाळतात. म्हणून थंडीत झाडं थोडी मागे सरकवते.

२७ एप्रिलला इथे राजाचा वाढदिवस असतो आणि सगळा देश नारिंगी कपड्यांत. त्या दिवशी कुणीही रस्त्यावर जुनं सामान मांडून विकू शकतं, उत्रेख्तमध्ये तर आदल्या संध्याकाळी सहापासूनच. संत्र्याच्या गावाहून आलेल्या मला त्या गर्दीत परकं वाटत नाही. गेल्या वर्षी सात-आठ वर्षांच्या एका मुलीकडून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेतला. घरी आल्यावर खिळा आणि हातोडी घेऊन पाच भोकं पाडली. चार कडेला, एक मधोमध.

डिसेंबरात नागपूरला गेले होते. आई आता मनीष नगरच्या फ्लॅटमध्ये राहते. अंगण नाही, बाल्कनी आहे. माळ्यावर तिचा लग्नातला पितळी गुंड, म्हणजे पाणी भरायचा हंडा, पडला होता, भाऊ तो मोडीत काढू म्हणत होता. त्यात झाड ठेवायचं ठरवून आम्ही दोघींनी तो चिंच लावून घासला. माती थेट पितळेत भरायची नाही हे मी तिला सांगितलं: ओल्या मातीने धातू झिजतो, त्यातलं तांबं जास्त उतरलं तर मुळांना बाधतं. आत प्लास्टिकची कुंडी ठेवायची, एवढंच. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तळाशी पाणी साचलं तं डास होतीन ना बापा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उत्रेख्तमध्ये साचलेल्या पाण्याने झाड मरतं. नागपुरात त्याच वाटीभर स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. कूलरची टाकी दर आठवड्याला कोरडी करायला सांगतात ती याचसाठी. मग आईने स्वतःच नियम ठरवला. पाणी बाथरूममध्ये घालायचं, तासभर निथळू द्यायचं, आणि दर रविवारी गुंड आतून फडक्याने पुसायचा.

परवा व्हिडिओ कॉलवर तिने गुंड खिडकीपाशी आणला, कुंडी बाहेर काढली आणि फोन आत वाकवून मला तळ दाखवला. कोरडा होता.