साडेपाच तासांचा घोळ

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी एकच डेस्कटॉप आहे आणि त्यावर विंडोज पण आहे, उबंटू पण, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. विंडोज बाबांसाठी, कारण मंडळाची गणपतीची स्मरणिका ते कित्येक वर्षं पेजमेकरमध्ये लावतायत, फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, त्या फायली दुसरीकडे उघडल्या की नुसतं एबीसीडीचं कडबोळं दिसतं. उबंटू माझं. डी ड्राइव्ह दोघांची.

सुरुवातीला उबंटूतून डी ड्राइव्हवर काही सेव्हच होईना, फक्त वाचता यायचं. ते विंडोजच्या फास्ट स्टार्टअपचं काम होतं. शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, मग लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला तयार होत नाही. जबरदस्ती करू नका, डेटा जाऊ शकतो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद केलं, झालं.

खरा त्रास घड्याळाने दिला. बाबा म्हणाले, कॉम्प्युटर वेळ मागे दाखवतोय रे. मला वाटलं मदरबोर्डचा सेल गेला, जेल रोडवरून सीआर२०३२ आणला, टाकला, वेळ लावली, तीन दिवस सगळं बरोबर. तीनही दिवस मी उबंटू उघडलंच नव्हतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. चौथ्या दिवशी परत मागे. सेल संपला असता तर वेळ कशीही चुकली असती ना, इथे दर वेळी बरोब्बर साडेपाच तास! तेव्हा ट्यूब पेटली, की अरे हा तर आपल्या आणि ग्रिनिचच्या वेळेतला फरक आहे.

झालं असं की मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, त्यात फक्त आकडे असतात, ते कुठली वेळ सांगतायत हे त्यात लिहिलेलं नसतं. डॉसच्या काळापासून विंडोज तिथे स्थानिक वेळ ठेवतं. लिनक्स युनिक्सच्या वळणाचं, ते यूटीसी, म्हणजे ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. नेट चालू असलं की लिनक्स दर ११ मिनिटांनी त्या घड्याळात आपली वेळ लिहितं. मग विंडोज उठतं आणि तोच आकडा इंदूरची वेळ समजतं. नेटवरून दुरुस्त झालं असतं, पण बाबा काम करताना वायफायचं डोंगल काढून ठेवतात. म्हणजे चूक दोघांचीही नाही.

पण नुकसान झालंच. वर्गणीदारांची यादी मी दुपारी ४ वाजता उबंटूत सेव्ह केली आणि पेनड्राइव्हवर घेतली. संध्याकाळी ७ वाजता बाबांनी विंडोजमध्ये डी ड्राइव्हवरच्या यादीत १४ नावं वाढवली, तेव्हा तिथल्या घड्याळात दीड वाजला होता. रात्री मी ती यादी पेनड्राइव्हवर घ्यायला आरसिंक हा फायली कॉपी करायचा प्रोग्राम चालवला, पेनड्राइव्हवरची फाइल नवी असेल तर हात लावू नको असा ऑप्शन देऊन, आणि त्याच्या हिशोबाने माझी ४ वाजताचीच नवी होती. प्रेसमध्ये जुनी यादी गेली. छापून आल्यावर कळलं. बाबांनी पावतीपुस्तक काढून नावं ताडली आणि १४ च्या १४ घरी स्वतः जाऊन आले, मला नको म्हणाले. फार वाईट वाटलं मला.

उपाय एका ओळीचा आहे, उबंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ (timedatectl set-local-rtc 1), म्हणजे लिनक्सही स्थानिक वेळ ठेवतं. ते स्वतःच बजावतं की हे बरं नाही, पण तो त्रास मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशांचा, आपल्याकडे तसं काही नाही. उलटंही करता येतं, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगांत, यूटीसी लावून, पण बाबांच्या बाजूला मला हात लावायचा नव्हता. दोन सिस्टिम टाकल्या असतील तर हे आजच करून टाका, आणि दोन्हीकडचं घड्याळ एकदा हातातल्या घड्याळाशी मिळवून बघा.

आता पेनड्राइव्ह प्रेसला जायच्या आधी बाबा विचारतात, यादीत शेवटचं नाव कोणाचं आहे? मी फाइल उघडून वाचून दाखवतो.